थायलंडच्या प्रांतिक फुटबॉल क्लबचा इतिहास कसा शोधायचा: नाव सोडा, जागा धरा

मी बँकॉकमध्ये रत्नांच्या एका पेढीचे हिशेब बघते. दिवसभर खतावणी, आणि संध्याकाळी थाई फुटबॉलची वही. जाड पुठ्ठ्याची वही आहे, प्रत्येक क्लबाला एक पान. डावीकडे सन, मधे नोंद, उजवीकडे ती नोंद कुठून मिळाली ते. असं पान तुम्हालाही तयार करायचं असेल, तर मी कसं करते ते सांगते. उदाहरणाला बुरीराम युनायटेड घेते, कारण याच पानावर मी सगळ्यात मोठी चूक केली आणि तिच्यातूनच सगळं शिकले.

चूक अशी होती. 2011 या एकाच सनापुढे मी दोन नोंदी केल्या होत्या. ‘बुरीराम, पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये विजेता’ आणि ‘बुरीराम, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये विजेता’. दोन्ही तक्ते खरे होते. पण एक संघ एकाच वर्षी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही लीगा कशा जिंकेल? हिशेबात असं दिसलं की आम्ही पहिली शंका घेतो, ती म्हणजे एका नावाखाली दोन खाती आहेत. इथंही तेच निघालं. शहर एक, नाव जवळपास एक, पण क्लब दोन. एक बुरीराम पीईए (पीईए म्हणजे वीज खातं, त्याबद्दल पुढं), दुसरा बुरीराम एफसी.

तेव्हापासून मी क्लबाच्या नावामागे जात नाही. लीगमध्ये खेळण्याची जी जागा असते, जिला लोक सरळ ‘लायसन्स’ म्हणतात, ती कोणाकडून कोणाकडे गेली ते बघते. थायलंडमध्ये क्लबाचं नाव बदलतं, रंग बदलतो, गाव बदलतं, मालक बदलतो. जागा मात्र कुठून तरी आलेली असते आणि कुठं तरी जाते. तिचा माग लागला की इतिहास आपोआप ओळीत येतो.

आधी सन जुळवा

थाई कागदांवर बुद्ध संवत असतो. त्यातून 543 वजा करा, म्हणजे 2554 हे झालं 2011. 2020 पासून लीगचा हंगाम दोन वर्षांत विभागला गेला, म्हणून ‘2564/65’ असं दिसलं तर 2021–22 लिहा, नुसतं 2021 नको. फार जुन्या सामन्यांकडे जाणार असाल तर आणखी एक अडचण आहे. 1940 पर्यंत थाई वर्ष एप्रिलमध्ये सुरू व्हायचं, आणि 2483 हे वर्ष तर नऊच महिन्यांचं होतं. म्हणून 1940 पर्यंतच्या जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना 543 वजा केलेत तर एक वर्ष चुकतं.

मग जागेचा माग काढा

बुरीराम युनायटेडच्या पानाची पहिली ओळ बुरीराममध्ये सुरूच होत नाही. ती सुरू होते प्रांतिक वीज प्राधिकरणाच्या संघापासून, म्हणजे पीईएपासून. क्लब 1970 चा. प्राधिकरण स्वतः 1960 मधलं. ही दोन वर्षं एकमेकांच्या जागी लिहू नका, मला ती दोन-तीन ठिकाणी अदलाबदल झालेली दिसली आहेत.

वीज खात्याचा संघ लीगमध्ये काय करत होता, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही कळत नाही. थायलंड प्रीमियर लीग 1996 मध्ये 18 क्लबांनिशी सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद बँकॉक बँकेच्या संघाला मिळालं. त्या काळी मोठे संघ खात्यांचे असायचे. बँका, बंदर, वायुदल, दूरसंचार. खेळाडू म्हणजे नोकरदार, आणि प्रेक्षक थोडे, कारण संघ कुठल्याच गावाचा नव्हता. थाई फार्मर्स बँकेच्या संघानं तर 1994 आणि 1995 असा दोनदा आशियाई क्लब चषक जिंकला, पण 1997 च्या आर्थिक संकटानंतर बँकेनं तो चालवणंच सोडलं आणि 2000 मध्ये तो बंद झाला. आशियाचा विजेता संघ मिटला आणि त्यासाठी रस्त्यावर येणारं एकही शहर नव्हतं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

प्रांतांसाठी 1999 पासून वेगळी लीग होती, क्रीडा प्राधिकरण चालवायचं ती. दोन जगं वेगळी. चोनबुरी या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांताचा क्लब त्या प्रांतिक लीगमधून 2006 मध्ये वर आला आणि 2007 मध्ये त्यानं प्रीमियर लीग जिंकली. माझ्या मते थाई फुटबॉलची खरी कलाटणी हीच. त्यानंतर पैसेवाल्यांना आणि पुढाऱ्यांना दिसलं की गावाचं नाव असलेल्या संघामागे माणसं उभी राहतात.

आता बुरीरामकडे परत. पीईएनं 2008 मध्ये लीग जिंकली. हा संघ अयुथ्याच्या मैदानावरही घरचे सामने खेळला आहे. मग नेविन चिदचोब आले. बुरीरामचे वजनदार राजकारणी. 2007 मध्ये थाई राक थाई पक्ष विसर्जित झाला तेव्हा 111 पदाधिकाऱ्यांना पाच वर्षं राजकारणातून बाद केलं होतं, त्यांतले ते एक. त्यांनी हा क्लब हाती घेतला आणि 2010 च्या हंगामात तो बुरीराम पीईए म्हणून ईशान्येला, इसान भागात आला. त्या वर्षी दुसरा क्रमांक. पुढच्या वर्षी, 2011 मध्ये, प्रशिक्षक अत्तफोन बुसपाकोम यांच्या हाताखाली लीग, एफए चषक आणि लीग चषक तिन्ही.

आणि त्याच वर्षी, त्याच शहरातला बुरीराम एफसी खालची लीग जिंकून वर चढला. एका गावाला वरच्या लीगमध्ये दोन जागा. 2012 मध्ये पीईएची जागा ‘बुरीराम युनायटेड’ झाली आणि बुरीराम एफसीची जागा थेट दक्षिण टोकाला सोंगख्लाला गेली. तिथं संघाचं नाव झालं वुआचोन युनायटेड. वुआचोन म्हणजे झुंजीचा बैल, तिकडच्या बैलांच्या झुंजींवरून. माझ्या वहीत आता या दोन ओळी दोन वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि मधे एक बाण आहे.

तुमच्या क्लबासाठी हेच करा. ज्या वर्षी तो पहिल्यांदा वरच्या लीगच्या तक्त्यात दिसतो, त्याच्या आदल्या वर्षाचा खालच्या लीगचा तक्ता उघडा. तिथून तो चढलेला दिसला तर ठीक. दिसला नाही, तर आदल्या वर्षी वर असलेला कोणता संघ खाली न घसरताच नाहीसा झाला ते शोधा. जागा बहुधा त्याचीच असते. 2009 मध्ये बँकॉक ग्लास असाच अचानक वर दिसतो, आणि क्रुंग थाई बँकेचा संघ त्याच वर्षी गायब होतो. ती जागा बँकेकडून काचेच्या कारखान्याकडे आली. पुढं त्याच क्लबाचं बीजी पातुम युनायटेड झालं.

याउलट चियांगराय युनायटेड. 2009 मध्ये स्थापना, प्रादेशिक लीगमधून एकेक पायरी चढत 2011 मध्ये वरच्या लीगमध्ये. पान अगदी सरळ, कुठं बाण नाही, खोडाखोड नाही. 2019 मध्ये त्यांनी बुरीरामइतकेच 58 गुण मिळवून, आपसांतल्या सामन्यांच्या निकालावर विजेतेपद घेतलं. ते पान लिहिताना मला जो आनंद झाला, तो दुसऱ्या कुठल्या पानानं दिला नाही.

कागद कुठं मिळतात

2009 च्या सुमारास आशियाई फुटबॉल महासंघाच्या अटींमुळे थाई क्लबांना कंपन्या व्हावं लागलं. आपल्यासाठी हे वरदान आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या व्यवसाय विकास विभागाकडे प्रत्येक कंपनीची 13 आकडी नोंद असते, आणि नावानं शोधता येते. क्लबाचं नाव बदललं तरी कंपनीचा आकडा तोच राहिला आहे का ते बघा. माझ्या पानावर उजव्या रकान्यात हा आकडा आधी येतो, बोधचिन्ह नंतर.

2009 च्या आधीचं हवं असेल तर बँकॉकच्या सामसेन रस्त्यावरचं राष्ट्रीय ग्रंथालय गाठा. जुनी दैनिकं मागवा. थाई वाचता येत नसेल तरी तक्ते वाचता येतात. सोबत एक थाई माणूस मात्र असू द्या, कारण मागणीचा फॉर्म भरताना अडतं.

आणखी एक साधन आहे, ते बाहेरच्यांना सुचत नाही. थाई अंत्यसंस्कारात गेलेल्या माणसाच्या आठवणींचं छोटं पुस्तक छापून आलेल्यांना वाटतात. त्यात त्याचं चरित्र असतं, नोकरी, बढत्या, छंद, फोटो. राष्ट्रीय ग्रंथालयात आणि वात बोवोननिवेत या विहारात अशा पुस्तकांचे मोठे संग्रह आहेत. खात्यांच्या संघांचे जुने व्यवस्थापक, पंच, खेळाडू यांच्याबद्दल जे वृत्तपत्रात कधी छापून आलं नाही ते इथं सापडू शकतं. हात स्वच्छ ठेवा आणि पानं सावकाश उलटा. कुणाच्या तरी घरची ती शेवटची आठवण आहे.

विजेतेपदं मोजताना

बुरीरामनं किती वेळा लीग जिंकली? 2024–25 पर्यंत मोजलं तर उत्तरं तीन येतात. जागेच्या हिशेबानं 2008 धरून 11. बुरीराम या गावाच्या हिशेबानं 10. ‘बुरीराम युनायटेड’ या नावानं 9, कारण 2011 चं विजेतेपद बुरीराम पीईएच्या नावावर आहे. तिन्ही बरोबर आहेत. आपण कोणता हिशेब धरला ते पानाच्या माथ्यावर लिहा आणि शेवटपर्यंत तोच धरा.

2016 वर खास खूण करा. 13 ऑक्टोबरला राजे भूमिबोल यांचं निधन झालं आणि हंगाम तिथंच थांबवला. तीन फेऱ्या बाकी असताना अव्वल असलेल्या मुआंगथोंग या क्लबाला विजेता ठरवलं. लीग चषकाचा अंतिम सामना झालाच नाही, चषक मुआंगथोंग आणि बुरीराम यांना विभागून दिला. एफए चषक उपांत्य फेरीतल्या चारही संघांना मिळाला, आणि आशियाई क्लब स्पर्धेत त्यांतला कोण जाणार यासाठी चिठ्ठी काढली, ती सुखोथायची निघाली. त्या वर्षीची बेरीज कुठल्याच तक्त्यात नीट जुळत नाही. ती जुळवायला जाऊ नका. काय झालं ते शब्दांत लिहा.

सामन्यांची संख्याही बघा. 2013 मध्ये बुरीराम एकही सामना न हरता विजेता झाला. 18 संघांच्या लीगमध्ये 34 सामने व्हायला हवेत, पण झाले 32. कारण मालकीच्या वादातून एक संघ निलंबित झाला होता. आकडा विचित्र दिसला की त्याच्यामागे जागेचंच भांडण असतं, असा माझा अनुभव आहे.

गावाला जा

बँकॉकहून उबोनकडे जाणाऱ्या गाडीनं बुरीरामला उतरा. मैदान 2011 मध्ये उभं राहिलं, 32,600 माणसांचं, धावपट्टी नसलेलं, त्यामुळं प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी जवळ असतात. शेजारी 2014 मधला मोटार शर्यतींचा मार्ग.

नावांकडे कान द्या. मराठी माणसाला इथं कोश लागत नाही. बुरीराम म्हणजे पुरी आणि रम्य. चोनबुरी म्हणजे जलपुरी, आणि त्यांचं टोपणनाव ‘चलाम चोन’, जलाचा शार्क. सुपानबुरी सुवर्णपुरी. चियांगरायचा संघ म्हणजे ‘क्वांग सोंग महाफाय’, झुंजवल्या जाणाऱ्या भुंग्यावरून, आणि त्यातला महाफाय आपला महाभय. बुरीरामच्या संघाला लोक ‘प्रासात सायफा’ म्हणतात, विजेचा प्रासाद. प्रासाद म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीवरचं फनोम रुंग, शंकराचं ख्मेर मंदिर, ते क्लबाच्या बोधचिन्हावर आहे. आणि ही वीज? थाईत आकाशातली वीज ‘सायफा’ आणि दिव्याची वीज ‘फायफा’. मी या टोपणनावात जुन्या वीज प्राधिकरणाची आठवण वाचते.

माझ्या बुरीरामच्या पानावर सध्याची शेवटची ओळ मे 2025 ची आहे. आग्नेय आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना, बुरीरामच्याच मैदानावर, पेनल्टीपर्यंत गेलेला. जिंकला तो संघ, ज्याची जागा वीज खात्याकडून आली. समोर होता हनोईच्या पोलिसांचा संघ. उजव्या रकान्यात मी लिहिलंय: ‘स्वतः पाहिलं, उभ्यानं.’