डायनॅस्टी वॉरियर्स : रणांगण ओळखून लढण्याची पद्धत
चीनमधील तीन राज्यांच्या कालखंडावर बेतलेल्या ‘डायनॅस्टी वॉरियर्स’ या व्हिडिओ गेम मालिकेत समोर येईल त्या सैनिकाला कापत सुटण्याचा मोह होतो, परंतु लढाई जिंकायची असेल, तर आधी नकाशा पाहावा आणि आपल्या बाजूचा कोणता सरदार संकटात आहे हे हेरून तिकडे धाव घ्यावी, कारण सरसेनापती पडला की तुमचा सारा पराक्रम वाया जातो. शत्रूचे सरदार पाडल्याने आपल्या सैन्याचे मनोबल वाढते. साध्या वारांच्या मालिकेत योग्य क्षणी जोरदार वार मिसळावा. मुसो गेज, म्हणजे विशेष हल्ल्यासाठीची ऊर्जा दाखवणारी पट्टी, भरली, तरी तो हल्ला वेढले जाईपर्यंत राखून ठेवावा. हूलाओच्या वेशीवर लू बू हा अतिबलाढ्य योद्धा दिसताच मात्र, पुरेशी ताकद कमावलेली नसल्यास, त्याला वळसा घालून पुढे जावे. त्याचा दरारा या मालिकेने फार उत्तम जपला आहे.