हार्ड-सॉफ्ट चुंबकीय थर मोजताना या चुका टाळा

समेरियम-कोबाल्टच्या हार्ड (चुंबकनाची दिशा सहज न बदलणाऱ्या) थरावर लोखंडाचा सॉफ्ट (ती सहज बदलणारा) थर चढवला, व्हीएसएमवर (नमुना कंप पाववून त्याचं चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) हिस्टेरिसिस लूप (क्षेत्र मागे-पुढे नेताना चुंबकन कसं बदलतं त्याचा आलेख) काढला आणि उलट क्षेत्रात मध्येच पायरी दिसली, की बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात: दोन थरांचं कपलिंग (एकमेकांशी चुंबकीय जोडणी) झालेलंच नाही. घाई नको. सॉफ्ट थर जाड असेल तर उत्तम कपलिंग असूनही पायरी येतेच. सॉफ्ट थरातले हार्ड थराला टेकलेले स्पिन (अणूंची इवली चुंबकं) जागचे हलत नाहीत, वरचे मात्र क्षेत्राच्या दिशेने वळत जातात. एक टोक धरून दोरीला पीळ द्यावा तसं हे चालतं. क्नेलर आणि हाविग या संशोधकांनी १९९१ मध्ये अशा चुंबकांना ‘एक्स्चेंज स्प्रिंग’ म्हटलं, ते याच स्वभावामुळे.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. नमुना संपृक्त करा (सगळं चुंबकन एका दिशेला आणा), क्षेत्र उलटं करून पायरीच्या मध्यापर्यंत न्या आणि पुन्हा शून्यावर आणा. चुंबकन जवळपास मूळ पातळीवर परतलं तर पीळ सुटला, म्हणजे कपलिंग शाबूत आहे. सॉफ्ट थर उलटाच राहिला तर मात्र दोन थरांमधल्या आंतरपृष्ठावर शंका घ्या. तिथे बहुधा ऑक्साइड बसलेलं असतं.

जाडीचा हिशोबही आधीच करावा. पीळ सुरू होण्याचं क्षेत्र जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. एकाच बाजूने धरलेल्या १० नॅनोमीटर लोखंडासाठी ते साधारण ०.६ टेस्ला येतं आणि २० नॅनोमीटरला थेट चौथाईवर, ०.१५ च्या आसपास. दोन्ही थर एकत्रच उलटावेत असं वाटत असेल तर सॉफ्ट थर हार्ड थराच्या डोमेन भिंतीच्या (चुंबकनाची दिशा जिथे उलटते त्या पट्ट्याच्या) दुपटीहून जाड नको. ही भिंत जेमतेम तीन-चार नॅनोमीटरची असते.

दुसरी चूक जास्त फसवी. विद्युतचुंबक २ टेस्लापर्यंतच जातो आणि हार्ड थराला उलटायला त्याहून जास्त लागतं. मग हार्ड थर एकाच दिशेला अडून राहतो, सॉफ्टचा लूप बाजूला सरकतो आणि कुणीतरी आनंदाने ‘एक्स्चेंज बायस’ (शेजारच्या प्रतिलोहचुंबकीय थरामुळे लूप सरकणं) लिहून टाकतो! प्रत्यक्षात तो हार्ड थर न उलटताच काढलेला अपुरा, मायनर लूप असतो. अशाच लूपच्या टोकांवरून सब्स्ट्रेटचा (थर ज्यावर चढवले त्या तळाचा) उतार वजा केला तर हार्ड थराचा अजून चढत असलेला भागही त्यातच कापला जातो. कोरा सब्स्ट्रेट वेगळा मोजून तो वजा करणं केव्हाही बरं. अतिवाहक चुंबक वापरत असाल तर त्यात अडकून राहिलेलं थोडं क्षेत्रही तपासा. सॉफ्ट थराचा अरुंद लूप सरकवायला तेवढंही पुरतं. आणि स्टीलचा चिमटा दूर ठेवा, त्याचे चुंबकीय कण नमुन्याला लागतात.

उलट बाजूची चूकही होते: लूप गुळगुळीत, पायरी नाही, म्हणजे कपलिंग झकास. लोह-प्लॅटिनममध्ये हार्ड अवस्था आणायला बहुधा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावं लागतं. सगळे थर चढवून झाल्यावर असं तापवलं तर लोखंड आत मुरतं आणि थर थर म्हणून उरतच नाहीत. लूप गुळगुळीत दिसतो तो मिश्रधातूचा. हार्ड थर आधी गरम असताना वाढवून, थंड झाल्यावर त्यावर सॉफ्ट थर चढवा, आणि क्ष-किरण परावर्तनाने सीमा धारदार आहे ना, ते पाहूनच लूपचा अर्थ लावायला बसा.