रिमांडच्या कागदांत आधी वेळा वाचा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे फौजदारी काम सुरू करणाऱ्या ज्युनिअर वकिलाच्या हाती पहिला कागद बहुधा रिमांड रिपोर्टचा, म्हणजे आरोपीची कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अर्जाचा, पडतो. गुन्ह्याची हकीकत नंतर वाचा. आधी कोऱ्या कागदावर चार वेळा मांडा : ताब्यात कधी घेतलं, अटक कधी दाखवली, झडती कधी झाली, कोर्टात कधी आणलं. 'चौकशीला बोलावलं होतं' म्हणत रात्रभर बसवलेल्या माणसाची अटक सकाळची दाखवतात, ती इथेच सापडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ५८ प्रमाणे अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे आणावं लागतं; ते तास मोजताना प्रवासाचा वेळ वगळतात. सातपुड्यातल्या पाड्यावरून आणलं असेल तर रस्त्याला खरोखर किती वेळ लागतो, हे विचारा.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत हवीत. ती लगेच देता आली नाहीत, तर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान २ तास आधी हाती पडली पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. पावरी किंवा भिली बोलणाऱ्याचा अंगठा मराठी कागदावर असेल, तर त्याला ते समजावलं कोणी? 'पुरावा नष्ट करेल' हे छापील वाक्य कोणालाही लागू पडतं. याच माणसाला का धरलं, ते लिहिलेलं हवं.

घरझडतीच्या कागदांत चुका जास्त सापडतात. वॉरंट नसेल तर याच संहितेच्या कलम १८५ प्रमाणे कारण आणि काय शोधायचंय ते आधी लिहायचं, नोंदींची प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे. पंच दोन, शक्यतो त्याच वस्तीतले. घरात राहणाऱ्याला झडतीला हजर राहता येतं आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळते. १ जुलै २०२४ पासून कलम १०५ खाली चित्रीकरण आलंय, यादी करणं आणि सह्या घेणं धरून. व्हिडिओची सुरुवात बघा : पिशवी आधीच टेबलावर असेल, तर ती कुठून निघाली हे त्यात नाहीच.

मात्र झडती बेकायदा म्हणून जप्त माल पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. नवखे इथेच तोंडघशी पडतात. पण शिरपूरकडच्या गांजाच्या केसमध्ये अंगझडतीला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) चं कलम ५० कडक लागतं : राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आरोपीला सांगावाच लागतो. पिशवीच्या किंवा गाडीच्या झडतीला ते लागत नाही.

चौकशीत वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही (संहितेचं कलम ३८). साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब तिच्या घरी घ्यायचा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून जे नव्याने सापडलं, त्याच्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग येतो. म्हणून मेमोरंडम पंचनामा (वस्तू कुठे आहे हे सांगणारं आरोपीचं निवेदन पंचांसमोर नोंदवलेला कागद) उघडला की पाहा, ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती का. झडतीची वेळ निवेदनाच्या आधीची निघाली, तर उलटतपासाचा पहिला प्रश्न तोच.