प्रौढपणीचा जेंडर डिस्फोरिया: मुळाशी कसं जावं

जन्मतः ठरलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग जुळत नसल्याने होणारा त्रास म्हणजे जेंडर डिस्फोरिया. ‘हे मला कशामुळे झालं?’ इथून सुरुवात केली तर माणूस महिनोन्‌महिने बालपण उकरत बसतो. आधी पाहायचं ते नेमकं काय खुपतं आणि कधीपासून.

त्यासाठी एक वही पुरते. आवाज, छाती, दाढी, पाळी, की लोक ज्या नावाने हाक मारतात ते? त्रास कुठे वाढला, कशाने हलका झाला? रोज दोन-चार ओळी लिहा. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनुसार (२०१३) प्रौढांत सहापैकी किमान दोन लक्षणं, किमान ६ महिने, आणि सोबत ठळक मानसिक त्रास किंवा रोजच्या जगण्यात अडथळा असावा लागतो. आपण चारचौघांपेक्षा वेगळे आहोत असं नुसतं वाटणं म्हणजे डिस्फोरिया नव्हे.

मग काळाची रेघ आखा: शाळेआधी, वयात येताना, नोकरी-लग्नाच्या काळात. काहींना पाचव्या-सहाव्या वर्षापासूनचं आठवतं, काहींना तिशीपर्यंत शब्दच सापडत नाहीत. आठवणी मात्र जपून वापरा. आजच्या प्रश्नाच्या उजेडात जुना प्रसंग सहज रंग बदलतो.

आता कारणं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. पण एकसारख्या जुळ्यांतही अनेकदा एकालाच डिस्फोरिया असतो, म्हणजे जनुकांवर सगळं ठरत नाही. गर्भातल्या हार्मोन्सचा परिणाम हा दुसरा अंदाज. १९९५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सहा ट्रान्स स्त्रियांच्या (जन्मावेळी मुलगा ठरवलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या) मेंदूतला एक छोटा भाग स्त्रियांसारखा असल्याचं मांडलं आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पण त्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घेतलेलं होतं. शिवाय स्त्री-पुरुषांमधला हा फरक प्रौढ वयातच दिसू लागतो, असं २००२ मध्ये पुढे आलं. म्हणून मेंदूचा स्कॅन किंवा टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून कारण शोधण्यात पैसे घालवू नका. ‘आईने लाडावलं म्हणून’ या जुन्या सिद्धांताला तर आधारच नाही.

निदानात चूक होते ती बहुधा वेगळ्याच ठिकाणी, दुसऱ्याच त्रासाला डिस्फोरिया समजण्यात. ओसीडीत (नकोसे विचार पुन्हापुन्हा येण्याच्या आजारात) ‘मी ट्रान्स तर नाही ना?’ ही शंका नकोशी असूनही डोक्यात घुमत राहते आणि खात्री करून घेतली की तेवढ्यापुरती शमते. बॉडी डिस्मॉर्फिया या आजारात अवयव कुरूप वाटतो. तो परक्या लिंगाचा वाटत नाही. सायकोसिसमधला, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजारातला, भ्रम आणखी वेगळा. ऑटिझम सोबत असण्याचं प्रमाण जास्त आहे, पण ऑटिझम आहे म्हणून डिस्फोरिया खोटा ठरत नाही.

वही घेऊन लिंगभावाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आत्महत्येचे विचार येत असतील तर कारणांचा शोध बाजूला ठेवा आणि आजच जा.