थंडीत स्पोर्ट्‌स कारचे टायर कसे तपासावेत

वेगवान स्पोर्ट्‌स कार थंडीत बाहेर काढण्यापूर्वी टायरची नक्षी किती उरली आहे एवढे पाहून थांबू नये, टायरचे वयही पाहावे. टायरच्या बाजूवरील डीओटी क्रमांकाचे (म्हणजे ‘DOT’ या अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात मरण पावले, त्या अपघाताच्या पोलीस तपासात अतिवेगासोबत नऊ वर्षे जुन्या टायरचाही उल्लेख होता. अशा गाड्या वर्षातून थोड्याच वेळा धावतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून कडक होत जाते. हाच धोका सर्वांत फसवा आहे, असे मला वाटते.

तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर ताठरते, पकड घटते आणि थांबण्याचे अंतर वाढते. कडाक्याच्या थंडीत तर ट्रॅकसाठीच्या टायरला तडेही जाऊ शकतात. म्हणून युरोपातील हिवाळ्यात पर्वत आणि हिमकणाचे चिन्ह असलेले, म्हणजे बर्फासाठी प्रमाणित, टायरच बसवावेत.

हवेचा दाब गाडी थंड असतानाच मोजावा, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की तो सुमारे एक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमी होतो. युरोपात नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फात ती ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. निघाल्यावर पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटर हळुवार दाबावा आणि वळणावर ब्रेक मारणे टाळावे.