दसरा ते छठ: प्लांट एचआरमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, एमआयडीसी कुठलीही असो. जुलै-ऑगस्टमध्ये एचआरला रुजू झाला असाल तर तुमची खरी परीक्षा ऑक्टोबरात आहे. सणाच्या विक्रीसाठी वाहन कंपन्यांनी वाढवलेलं शेड्यूल, खंडेनवमीची मशीनपूजा, बोनस, मराठवाड्यातली सोयाबीन काढणी, दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ बिहार-यूपीकडच्या मुलांचा मोठा सण छठ, सगळं दीड-दोन महिन्यांत अंगावर येतं. डिस्पॅचला माणसं सर्वात जास्त हवी असतात, नेमकी तेव्हाच गेटवर सर्वात कमी येतात. प्रॉडक्शनवाले आरडाओरडा करतील, तो दरवर्षीच होतो, मनावर घेऊ नका. पण रजेच्या नियोजनाचा कागद तयार नसेल तर मात्र तो आरडाओरडा योग्यच आहे.

आधीच्या एचआरने ठेवलेली गेल्या वर्षीची रजांची एक्सेल शीट तुम्हाला मिळेल. तारखांसकट ती कॉपी करू नका. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे, आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून थेट ८ नोव्हेंबरवर गेलं आहे. शेतीची कामं काही अधिक महिना पाहून पुढे सरकत नाहीत. म्हणजे गेल्या वर्षी काढणी आणि दिवाळीची रजा जवळजवळ एकत्र गेली, यंदा त्या दोन वेगवेगळ्या लाटा असतील.

लातूर, नांदेड, बीडकडची मुलं लाइनवर असतील तर सोयाबीन समजून घ्या. पीक वाळलं की शेंगा तडकतात आणि दाणे रानातच गळतात. कापून टाकलेल्यावर पाऊस पडला तर ढीग काळा पडतो. त्यामुळे घरून फोन आला की मुलगा त्याच रात्री निघतो, तुमच्या रजेच्या अर्जासाठी थांबत नाही. त्याला बेशिस्त म्हणणारा सुपरवायझर मला आजही डोक्यात जातो. सप्टेंबरच्या मध्यावर नुसतं विचारा, "घरी सोयाबीन किती एकर आहे, कापणीला माणसं मिळालीत का?" कापणी गुत्त्यावर (ठरीव पैशात ठेक्याने) देणार असतील तर मुलगा राहतो, घरचेच कापणार असतील तर तो जाणार. हा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर नसतो.

आता मुख्य खड्डा. यावर जरा लांबण लावतो, कारण दरवर्षी नवी माणसं यातच पडतात आणि आम्हीही पडलो होतो.

रजेचं नियोजन म्हणजे कोण कधी जाणार याची यादी, असं सगळे धरून चालतात. जाणारे समोर असतात, अर्ज देतात, सही घेतात, म्हणून ते मोजायला सोपे. लाइन बंद पडते ती न परतणाऱ्यांमुळे. रजा आठ दिवसांची मंजूर, तुम्ही नवव्या दिवशी हेडकाउंट पूर्ण धरलेला, आणि नवव्या दिवशी फोन येतो, "सर, टिकट वेटिंग में है." खोटं नसतं ते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशकडून छठनंतर सगळे एकाच आठवड्यात परत निघतात. जाताना तिकीट कन्फर्म, येताना वेटिंग, हे ठरलेलंच.

त्यात २०२५ ने नवीन धडा दिला. छठचा मुख्य दिवस २७ ऑक्टोबर होता. रजा सप्टेंबरातच मंजूर करून झाल्या होत्या. मग ६ ऑक्टोबरला बिहार निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या: मतदान ६ आणि ११ नोव्हेंबरला. घरी पोचलेला माणूस दहा-पंधरा दिवसांसाठी पुण्याला येऊन परत मतदानाला जाणार का? तो थांबला. आमच्या शीटवर १ नोव्हेंबरला लाइन फुल होती, प्रत्यक्षात प्रेस शॉपची (पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या विभागाची) एक शिफ्ट बंद ठेवून माणसं असेंब्लीला फिरवावी लागली.

म्हणून रजेच्या अर्जासोबत परतीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट मागा. दमदाटी करून नाही, तिकीट काढायला मदत करून. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होतं), म्हणजे वेळ कमी आणि गर्दी तीच. आणि ठेकेदार "सब आ जाएंगे साहब" म्हणाला तर नावानिशी यादी मागा. यादी देत नसेल तर त्याला स्वतःलाच माहीत नाही असं समजा.

माणसं परत यावीत म्हणून बोनसवरून एक शॉर्टकट तुम्हाला नक्की सुचवला जाईल. कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यावर आठ महिने मिळतात, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, तर अर्धा दिवाळीआधी आणि अर्धा परत आल्यावर द्या. कृपया करू नका. दिवाळीला खिशात अर्धे पैसे घेऊन गेलेला माणूस परत आला तरी शेजारच्या गेटवर जातो, त्याला काम कुठेही मिळतं. पगाराच्या किमान ८.३३ टक्के, वर्षात तीस दिवस काम भरलेल्याला हक्क, ही रक्कम वेळेत आणि पूर्ण द्या. ठेकेदाराने त्याच्या मुलांच्या खात्यावर बोनस टाकला का, हे बँक स्टेटमेंटवर बघा, त्याच्या तोंडी हिशोबावर नको. परतीसाठी काही द्यायचंच असेल तर ठरलेल्या तारखेला हजर होणाऱ्याला वेगळा हजेरी भत्ता ठेवा आणि जाण्याआधी नोटीस बोर्डवर लावा. जो येणारच नाही, त्याच्या राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यावा लागतो. हा नियम वेतन संहितेतला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

उरलेली पोकळी ओव्हरटाइमने भरते, पण तो दुप्पट दराने असतो आणि चौथ्या दिवशी माणसं थकतात, रिजेक्शन वाढतं. अप्रेंटिसना एकट्याने प्रेसवर उभं करणं तर विसराच.

मार्गदर्शक शोधत असाल तर लिंक्डइनवरच्या कोचकडे पैसे घालवू नका. टाइम ऑफिसला हजेरीचं मस्टर सांभाळणारे काका असतात, त्यांच्यासोबत चहा घ्या. कोण दरवर्षी उशिरा येतो, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, त्यांना पाठ असतं.

यंदा छठ १५ नोव्हेंबरला आहे. १८ नोव्हेंबरच्या परतीच्या गाडीचं बुकिंग १९ सप्टेंबरला उघडतं, म्हणजे ऐन गणपतीत, जेव्हा तुमच्या ऑफिसमधले अर्धे लोक कोकणात असतील. ठेकेदाराकडून नावांची यादी गणेश चतुर्थीच्या, १४ सप्टेंबरच्या, आधी हातात घ्या.