एफवायच्या जीवशास्त्रात मार्क नेमके कुठे जातात? या चुका टाळा

पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राचे पेपर तपासायला बसलं, की दहा-बारा उत्तरपत्रिकांनंतर पुढच्या पोराने काय चूक केली असेल ते पान न उलटताच कळायला लागतं. पाठांतर कमी पडलं म्हणून जाणारे मार्क थोडेच. जास्त मार्क खातात ते ओळखीचे शब्द. सवय, गरज, प्रभावी, श्वास, पडीक हे शब्द आपण घरात रोज वापरतो आणि त्यांचा घरातला अर्थ गुपचूप उत्तरात येऊन बसतो. म्हणून धड्यांचा क्रम सोडून, माझं लाल पेन सगळ्यात जास्त चालतं तिथूनच सुरुवात करते.

‘जिवाणूंना औषधाची सवय होते’

ही सर्वांची लाडकी चूक. काही वर्षांनी अँटिबायोटिक काम का करेनासं होतं, असा प्रश्न असतो. उत्तर येतं: ‘जिवाणूंना औषधाची सवय होते, मग ते स्वतःमध्ये बदल घडवून आणतात.’ वाचायला सरळ वाटतं, कारण आपल्यालाही तिखटाची सवय होते, थंडीची होते. पण ती एका शरीरात, एका आयुष्यात घडणारी गोष्ट आहे. उत्क्रांती एकट्यादुकट्या जिवाणूची होत नसते. ती समूहाची होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते.

कोट्यवधी जिवाणूंमध्ये एखाददुसरा म्युटेशनमुळे, म्हणजे जनुकात आपसूक झालेल्या बदलामुळे, वेगळा असतो, आणि तो औषध येण्याआधीपासूनच असतो. औषध बाकीच्यांना मारतं, हा उरतो आणि याचीच पिलावळ वाढते. (जिवाणू प्लास्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांमधून, एकमेकांना अशी जनुकं देतातही, पण ती कोणाकडे तरी आधी असावी लागतात.) उत्तरात ‘आधीपासून’ हा शब्द दिसला, की मी निम्मे मार्क तिथेच देऊन टाकते.

याचा पुरावा १९४३ सालचा आहे. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी ई. कोलाय जिवाणू अनेक नळ्यांमध्ये वेगवेगळे वाढवले आणि प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणारे विषाणू पसरलेल्या थाळीवर टाकले. विषाणूशी गाठ पडल्यावर प्रतिकार निर्माण होत असता, तर प्रत्येक थाळीत वाचलेल्यांचा आकडा थोड्याफार फरकाने सारखाच आला असता. प्रत्यक्षात बऱ्याच थाळ्यांत शून्य किंवा दोन-चार वसाहती (वाचलेल्या एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आल्या आणि एखादीत शंभराच्या वर. म्हणजे त्या नळीत म्युटेशन लवकर झालं होतं आणि विषाणू भेटण्याआधीच त्या जिवाणूची नातवंडं-पतवंडं तयार होती. लुरियाला ही कल्पना सुचली ती नाचाच्या एका कार्यक्रमात, सहकाऱ्याला स्लॉट मशीनवर पैसे लावताना बघून. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे सांगितलंत तर एक्स्टर्नल परीक्षक निदान मान तरी वर करतील.

आपलं उत्तर तपासायचं कसं? त्यात ‘साठी’ आणि ‘गरज पडली म्हणून’ शोधा. ‘उंचावरची पानं खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली’ हे म्हणणं लामार्क या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाचं, १८०९ सालचं. ते तीन तुकड्यांत परत लिहा. माना कमी-जास्त लांबीच्या होत्या आणि तो फरक आनुवंशिक होता. लांब मानेवाल्यांची पिल्लं जास्त जगली. पुढच्या पिढ्यांत तशांचं प्रमाण वाढलं. फरक, निवड, प्रमाण. तीनपैकी एक तुकडा गळला, की समजा तिथून लामार्क आत शिरला.

याच चुकीचा चुलत भाऊ म्हणजे ‘बळी तो कान पिळी’. नैसर्गिक निवडीच्या उत्तरात ही म्हण दरवर्षी येते. ‘सर्वांत सक्षम तो टिकतो’ हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचा, १८६४ सालचा. डार्विनने तो आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला आणि तेव्हापासून विद्यार्थी सक्षम म्हणजे दांडगा असं धरून चालतात. इथे सक्षमता मोजायची ती पुढच्या पिढीत पोहोचलेल्या संततीवरून. मोराचा पिसारा पळताना अडचणच करतो, तरी तो टिकला, कारण लांडोर त्याच्याकडे बघून जोडीदार निवडते.

‘प्रभावी’ म्हणजे जास्त आढळणारा नव्हे

जनुक प्रभावी असलं, म्हणजे एकच प्रत असली तरी त्याचा गुण दिसत असला, की ते हळूहळू सगळ्या समाजात पसरतं, हा समज काही केल्या जात नाही. हाताला सहावं बोट देणारं जनुक बऱ्याचदा प्रभावी असतं. वर्गात सहा बोटांचे किती जण आहेत? ओ रक्तगट मात्र अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच दिसणारा, आणि हात वर करायला सांगितले तर ओ गटवाले ढिगाने निघतील.

हा गोंधळ हार्डी-वाइनबर्गच्या गणितात महागात पडतो. (निवड वगैरे काही चालू नाही असं धरून समाजात जनुकाचं प्रमाण काढायचं, ते हे गणित. पी म्हणजे निर्दोष प्रतीचं प्रमाण, क्यू म्हणजे सदोष प्रतीचं.) समजा, एक अप्रभावी आजार २,५०० बाळांमागे एकाला होतो. मुलं लगेच लिहितात, क्यू बरोबर ०.०००४. इथेच गाडी रुळावरून घसरते. आजारी बाळ म्हणजे दोन्ही प्रती सदोष, म्हणजे तो आकडा क्यूच्या वर्गाचा. वर्गमूळ काढलं की क्यू येतो ०.०२, पी ०.९८ आणि वाहक (एकच प्रत सदोष असलेले), म्हणजे दोन गुणिले पी गुणिले क्यू, ०.०३९२. सुमारे चार टक्के. एका आजारी बाळामागे ९८ वाहक हिंडताहेत. हा आकडा बघून दचकायला झालं, तर गणित कळलं असं समजा.

आणि हे सूत्र कुठे लावायचं नाही, तेही लिहा. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक टिकून राहिलं, कारण त्याची एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. जिथे निवड चालू आहे, तिथे ‘निवड नाही’ हे गृहीतच कोसळतं.

श्वास, श्वसन आणि पिंपळ

छातीचा भाता वरखाली होतो तो श्वासोच्छ्वास. पेशीत ग्लुकोजचं विघटन होऊन ऊर्जा मिळते ते श्वसन. मराठीत दोन्हींना सर्रास श्वसन म्हणतात आणि मग ‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात, रात्री श्वसन’ हे वाक्य जन्माला येतं. झाडं श्वसन चोवीस तास करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त असल्याने ते झाकलं जातं, एवढंच.

‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर तर आता उत्तरपत्रिकेपर्यंत आलाय. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून येतो. रुबेन आणि केमेन यांनी १९४१ साली जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) वापरून हे दाखवलं. पाणी फोडायला प्रकाश लागतो, त्यामुळे अंधारात ऑक्सिजन नाही. पानफुटी, अननस अशा वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडतात हे खरं, पण कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवायला. पिंपळाला नमस्कार जरूर करा, फक्त पेपरात नको.

आपणही श्वासातून निव्वळ कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. उच्छ्वासात जवळपास १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणून तर तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो.

शरीरक्रियेतल्या बाकीच्या चुका भराभर सांगते. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. निळा रंग आकृतीच्या सोयीसाठी. फुप्फुस धमनी धमनीच, कारण ती रक्त हृदयापासून दूर नेते. आत ऑक्सिजन किती, हा प्रश्नच नाही. ‘निगेटिव्ह फीडबॅक’मधला निगेटिव्ह वाईट नव्हे, तो बदलाला उलट दिशेने रोखतो. परासरणात पाणी कुठून कुठे जातं हे आठवेना, तर मीठ लावून ठेवलेली कैरी आठवा. पाणी सुटतं ते मिठाच्या बाजूला.

मूत्रपिंडाला ‘गाळणी’ म्हणून मोकळं होऊ नका. चहाची गाळणी नको तो चोथा अडवते. मूत्रपिंडाची रीत दिवाळीत कपाट आवरण्यासारखी आहे: आधी जवळजवळ सगळं बाहेर काढायचं आणि मग हवं ते परत आत ठेवायचं. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते साधारण दीड लिटर. हे परत आत घेणं, म्हणजे पुनर्शोषण, लिहिलं नाही, तर उरलेले १७८ लिटर गेले कुठे?

परिसंस्था: बाण, वडे आणि माळरान

अन्नसाखळीतला बाण उलटा काढणारे दरवर्षी भेटतात. बिबट्या हरणाला खातो, म्हणून बिबट्याकडून हरणाकडे. तो ‘खातो’चा बाण नाही, ऊर्जा कुठे जाते त्याचा आहे. गवताकडून हरणाकडे, हरणाकडून बिबट्याकडे.

एका पायरीवरून पुढच्या पायरीवर दहा टक्केच ऊर्जा जाते, हा दहा टक्क्यांचा नियमही दगडावरची रेघ नाही. रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली एका तळ्यातल्या ऊर्जेचा हिशोब मांडला, त्या कामातून तो रुजला. प्रत्यक्षात प्रमाण साधारण पाच ते वीस टक्क्यांत फिरतं. ‘उरलेली नव्वद टक्के वाया जाते’ असंही लिहू नका. बरीचशी श्वसनात उष्णता होऊन जाते, बाकीची न खाल्लेल्या, न पचलेल्या भागातून विघटकांकडे.

समुद्रात जैववस्तुमानाचा (सजीवांच्या एकूण वजनाचा) मनोरा उलटा असू शकतो, हे वाचून मुलं अडखळतात. वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) कमी आणि त्यांना खाणारे जास्त, हे जमतं कसं? वडापावच्या गाडीकडे बघा. परातीत एका वेळी वीसच वडे दिसतात, पण दिवसभरात पाचशे खपतात. प्लवक तसेच झपाट्याने तयार होतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. ऊर्जेचा मनोरा, म्हणजे दिवसभराच्या विक्रीचा हिशोब, कधीच उलटा होत नाही.

शेवटची चूक माझ्या जिव्हाळ्याची. अनुक्रमणाच्या, म्हणजे एखाद्या जागेवरचे सजीव टप्प्याटप्प्याने कसे बदलत जातात त्याच्या, उत्तरात प्रत्येक जमीन अखेर जंगलच होते असं लिहिलेलं असतं आणि मग गवताळ माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं, ‘पडीक’ जंगल ठरतं. कमी पाऊस, उथळ माती आणि चरणारे प्राणी जिथे आहेत, तिथे गवताळ प्रदेश ही स्वतंत्र, पूर्ण परिसंस्था असते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल राहतात. माळढोकासाठी तिथे अभयारण्य झालं, कारण हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो. तिथे दाट झाडं लावली, तर त्याला जागाच उरत नाही.

‘माळरान’ या शब्दाआधी ‘पडीक’ दिसलं, की मी अर्धा मार्क कापते. मागे एका मुलीने समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘मॅडम, आमच्या सातबाऱ्यावर तसंच लिहिलंय.’ तो अर्धा मार्क मात्र मी कापला नाही.